बर्फ परत येतो, मग ओरड कशाची? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

आर्क्टिकचा समुद्री बर्फ घटतोय, असं सांगणाऱ्या लेखाखाली तुम्ही दोन हरकती घेतल्यात. पहिली, उजनी धरण उन्हाळ्यात उणे होतं, पावसाळ्यात भरतं, बर्फाचंही तसंच. शिवाय २०१२चा नीचांक अजून मोडलेला नाही, मग घट कुठली? आणि दुसरी, सोलापूरकराला त्याचं काय?

उजनीचं उदाहरण तुमचंच, तेच पुढे नेतो. जूनमध्ये रिकामं धरण ऑक्टोबरात भरलं म्हणून उजनीचं भलं झालं, असं आपण धरत नाही. आपण बघतो ते गेल्या वर्षी याच तारखेला किती टक्के होतं. बर्फ मार्चमध्ये सर्वाधिक असतो, साधारण दीड कोटी चौरस किलोमीटर, आणि सप्टेंबरात सर्वांत कमी. तेव्हा सप्टेंबर सप्टेंबरशीच ताडायचा.

२०१२च्या सप्टेंबरात तो सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला होता. आधीच पातळ झालेल्या बर्फावर ऑगस्टमध्ये मोठं वादळ येऊन गेलं होतं. पुढच्या वर्षी आकडा ५० लाखांवर गेला आणि ‘बर्फ परतला’ अशा बातम्या झळकल्या. २००७नंतर सप्टेंबरमधली घसरण मंदावली, हे खरंच आहे. पण १९७९पासूनच्या उपग्रह-नोंदींत सर्वांत कमी बर्फाची १९ वर्षं काढा: २००७ ते २०२५, सलग. मधे जुनं एकही वर्ष शिरत नाही. आणि हिवाळ्यातली भरपाईही पूर्वीसारखी राहिलेली नाही. मार्च २०२५चा उच्चांक १ कोटी ४३ लाखांचा, तोवरच्या नोंदींतला सर्वांत कमी.

उजनीची तुलना एका ठिकाणी मात्र तुटते. धरणाला मागच्या वर्षीचं पाणी आणि यंदाचं पाणी यात फरक नसतो. बर्फाला वय असतं. एका हिवाळ्यात तयार झालेला बर्फ दीड-दोन मीटर जाडीचा, उन्हाळ्यात लवकर वितळणारा. अनेक उन्हाळे टिकलेला त्याहून बराच जाड. १९८०च्या दशकात हिवाळी बर्फात चार वर्षांहून जुना बर्फ तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास होता, अलीकडे तो पाच टक्क्यांच्याही आत आहे. विस्ताराच्या, म्हणजे वर दिलेल्या चौरस किलोमीटरच्या आकड्यात हे दिसतच नाही, कारण तिथे नियम सरळ आहे: नकाशावरच्या ज्या चौकटीत किमान १५ टक्के बर्फ, ती अख्खी चौकट मोजायची. जाडी कितीही असो. म्हणून नुसता विस्तार ‘सावरला’ की मी लगेच खूश होत नाही.

आता दुसरी हरकत. हा बर्फ तरंगताच असल्याने तो वितळून समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही. किनारे बुडतील ही भीती जमिनीवरच्या बर्फाची, ग्रीनलँडसारख्या. पावसाचं म्हणाल तर गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१मध्ये रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातला उन्हाळी बर्फ आणि मध्य भारतातला सप्टेंबरचा अतिवृष्टीचा पाऊस यांत संबंध असू शकतो, असं मांडलंय. ‘असू शकतो’, एवढंच. त्यावरून उजनी कधी भरणार हे सांगायला मी धजणार नाही, आणि कुणी सांगितलं तर तुम्हीही ऐकू नका.