खुणेचा कागद

गेल्या १ जानेवारीला मी दोनशे पानी वही आणली आणि पहिल्याच पानावर ठळक लिहिलं, 'या वर्षी ५० पुस्तकं.' ३१ डिसेंबरच्या रात्री हिशेबाला बसलो, तर वहीत ११ नावं. त्यातल्या सातांच्या पोटात अजून खुणेचा कागद. उरलेली कोरी पानं बायकोनं दूधवाल्याच्या हिशेबाला मागून घेतली.

खुणेचे कागद फार प्रामाणिक असतात. माणूस चारचौघांत 'वाचलंय हो' म्हणून वेळ मारून नेतो. कागद आपलं पान सोडत नाही. नेमाड्यांच्या 'हिंदू'त मार्चचं विजेचं बिल निघालं, पान २७. ही कादंबरी २०१० साली आली, तेव्हापासून मी ती चारदा सुरू केली आणि चारही वेळा खंडेरावाबरोबर मोहेंजोदडोच्या उत्खननातच गाडला गेलो. ते बिल आम्ही तेव्हा घरभर शोधलं होतं. माझ्या पुस्तकात बघावं असं कुणालाच सुचलं नाही, मलासुद्धा. कादंबरीच्या नावात पुढे 'जगण्याची समृद्ध अडगळ' असं आहे. माझ्या उशाशी रचलेल्या चळतीला बायको नुसतंच अडगळ म्हणते.

दिवाळी अंकांची परंपरा का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'पासून सुरू केली. मी ती वाचनालयात जादा वर्गणी भरून पाळतो. आधी राशिभविष्य, मग व्यंगचित्रं, मग कथांची शीर्षकं. यंदा माझ्या राशीला 'हाती घेतलेली कामे तडीस जातील' असं होतं.

तडीस गेली ती माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ची, आटोपशीर, आणि दरवर्षी वाचूनही न विटलेली. यंदा ती डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये वाचली, चौथ्या सीटवर, म्हणजे अर्धं बूड बाकावर आणि अर्धं अधांतरी. वर कडीला लटकलेले एक काका वाकून माझ्याबरोबर वाचायचे. वाचू देत, पण त्यांचा वेग दांडगा. स्वतःचं पान संपलं की घसा खाकरायचे. माणदेशातल्या एखाद्या वाक्यापाशी मी जरा रेंगाळलो की वरून हुकूम, "उलटा." मागचं पान पुन्हा बघायला गेलो तर, "झालंय ते."

एका सोमवारी पुस्तक घरी राहिलं. काकांचा चेहरा पडला. "अहो, गावानं तालीम बांधायला घेतली होती ना? पुढं?" मग घाटकोपरपर्यंत मी तोंडी सांगितलं. समोरच्या भजनी मंडळानं टाळ मांडीवर ठेवून ऐकलं.

पुढच्या आठवड्यात गाडीत शिरलो तर चौथ्या सीटवर काका. मी कडीला. त्यांनी पिशवीतून 'हिंदू' काढलं आणि खुणेचा कागद बाजूला केला. पान ४११.

मी वाकलो. "काका, जरा मागे घेता का? मी २७वर आहे."