पिठलं का झुणका, शपथेवर सांगा

अमेरिकेत ग्रीन कार्डाची लाइन म्हणजे काय ते नोकरीवरून अप्लाय केलेल्या माणसालाच विचारा. नोकरीवाल्यांना वर्षाला साधारण १,४०,००० कार्डं, त्यात कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, आणि आपल्याकडचे इंजिनिअर इथे किती आहेत ते रविवारी संध्याकाळी देशी ग्रोसरीच्या पार्किंगमधे जाऊन बघा. माझाही कंपनीने ईबी-टू मधे, म्हणजे नोकरीवाल्यांच्याच एका रांगेत, नंबर लावलेला होता, आणि हिशोब केला तर रिटायरमेंटची पार्टी आणि ग्रीन कार्डाची पार्टी एकाच हॉलमधे उरकता आली असती. मग लग्न झालं. नवरा शाळेत असतानाच आईवडिलांबरोबर न्यू जर्सीला आलेला, पुढे रीतसर सिटिझन झालेला, आणि सिटिझनच्या बायकोला ही सात टक्क्यांची भानगडच नाही, वर्षाचा कोटाही नाही. झालं, ऑफिसच्या लंच टेबलवर मी एका दिवसात गद्दार ठरले. "तुझं बरंय बाई, मागच्या दाराने आत!"

मागच्या दाराने म्हणे. त्या दाराची कडी काढायला नवऱ्याने ही माझी बायको म्हणून आय-१३० फॉर्म भरायचा, मी माझ्या माहितीचा आय-१३०ए भरायचा, मग आय-४८५ म्हणजे खुद्द ग्रीन कार्डाचा अर्ज, मग वर्क परमिटचा वेगळा, मेडिकलचा वेगळा, नवरा मला पोसेल याचा वेगळा. २०२४ पासून एकट्या आय-४८५ ची फी १,४४० डॉलर आहे, आय-१३० कागदावर भरला तर वर ६७५. बाबांनी फोनवरच रुपयात गुणाकार केला आणि म्हणाले, एवढ्यात कार्यालय जेवणासकट झालं असतं गं.

फॉर्मच्या पहिल्याच पानावर मी अडकले, नावाच्या रकान्यात. जन्मापासून वापरलेली सगळी नावं लिहा, टोपणनावंसुद्धा. मराठी बाईला असं विचारतात का? पासपोर्टवर मधे बाबांचं नाव आणि माहेरचं आडनाव. लग्नाच्या नोंदणीत मधे नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. पत्रिकेत अक्षर 'ठ' आलं म्हणून ठकू. घरात छबू. त्यात लग्नात तांदळात नाव लिहायचा कार्यक्रम झाला, नवऱ्याने शहाणपणाने अंगठीने माझंच नाव परत लिहिलं, पण आजेसासूबाईंनी त्यांच्या मनातलं ठेवलंच, त्या मला आजतागायत वैदेही म्हणतात. वकीलबाईंनी विचारलं, हे वैदेही लीगल आहे का? म्हटलं नाही हो, तांदळातलं आहे. त्यांनी चष्मा वर केला, दोन मिनिटं शांत बसल्या आणि सगळी नावं पुरवणी पानावर टाइप केली. ते पान वाचताना वाटत होतं एका बाईला चार राज्यांचे पोलीस शोधतायत.

मग जन्माचा दाखला. माझा जन्म तालुक्याच्या गावी, आजोबा शिस्तीचे, नगरपालिकेत दुसऱ्याच दिवशी नोंद करून मोकळे. बारसं मात्र रीतीप्रमाणे बाराव्या दिवशी. त्यामुळे दाखल्यात आईचं नाव आहे, बाबांचं आहे, आणि 'बाळाचे नाव' समोर एक आडवी रेघ. नाव नंतर घालता येतं, त्याला पंधरा वर्षांची मुदत असते, पण आमच्याकडे शाळेच्या दाखल्यावर सगळी कामं होत होती तर कोण कशाला तिकडे फिरकतंय. आता अमेरिका विचारतेय की ही रेघ म्हणजे तूच कशावरून. बाबा दाखला घेऊन पालिकेत गेले, साहेब मीटिंगला. परत गेले, साहेब आहेत पण शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो इलेक्शन ड्यूटीवर. शेवटी वकीलबाईंनी तोडगा सांगितला, तुमच्या जन्माच्या वेळी हयात असलेल्या दोन नातेवाइकांची ॲफिडेव्हिटं जोडा, दाखल्याच्या जोडीला चालतात. काका आणि आत्या लगेच तयार. काकांनी चार ओळीत उरकलं. आत्या नोटरीच्या टेबलासमोर बसली आणि सुरुवातच आदल्या रात्रीच्या पावसापासून केली. टायपिस्ट म्हणाला, "काकू, फक्त जन्म झाल्याचं माहीत आहे एवढंच लिहायचंय." तर ही म्हणे, "अरे पण वहिनीचा डबा घेऊन दवाखान्यात मीच गेलेले, ते नको होय लिहायला? मग मला कसं माहीत असं विचारलं त्यांनी तर?" कायद्याच्या दृष्टीने मुद्दा बिनतोड आहे, कारण त्यांना तेच हवं असतं, तुम्हाला हे कसं माहीत. त्यामुळे माझ्या इमिग्रेशनच्या फायलीत आज नोटरीच्या शिक्क्यासकट एक वाक्य आहे की सदर महिला डबा घेऊन स्वतः हजर होती.

आईवडिलांच्या जन्मतारखा पण लागतात, दोन्हीकडच्या. माझे बाबा १ जून. माझी आई १ जून. सासरे १ जून. वकीलबाई परत चष्मा वर. त्यांना सांगायला लागलं की त्या काळी जूनमधे शाळा सुरू व्हायची, आईबाप पोराला हाताला धरून आणून उभं करायचे, गुरुजी वरखाली बघून वयाचा अंदाज घ्यायचे आणि १ जून ठोकून द्यायचे, अख्ख्या महाराष्ट्राचा वाढदिवस आहे तो. मग खरी तारीख काय? म्हणून आईला फोन लावला तर तिचं उत्तर, पोळ्याच्या आदल्या दिवशी, ज्या साली आपली तांबडी गाय व्याली त्या साली. आम्ही १ जूनच ठेवली.

आय-४८५ चे शेवटचे प्रश्न मात्र वाचण्यासारखे आहेत, वेळ असेल तर सहज म्हणून डाउनलोड करा. तुम्ही कुठल्याही संघटनेशी, मंडळाशी, पक्षाशी, क्लबशी, सोसायटीशी, जगात कुठेही, कधीही संबंधित होता का? नवऱ्याचं म्हणणं, नो लिही आणि पुढे चल. तो लहानपणीच इकडे आला, त्याला काय माहीत. मराठी माणसाने या प्रश्नाला नो लिहिलं तर तीच खोटी साक्ष. मी यादी करायला बसले, गल्लीतलं गणपती मंडळ, पुण्यातलं ढोलपथक, वाचनालय, हाउसिंग सोसायटी, बाबांनी माझ्या नावावर काढलेला पतसंस्थेचा शेअर, आणि इथलं महाराष्ट्र मंडळ, ज्याची मी मेंबर फक्त नाटकाची तिकिटं स्वस्त पडतात म्हणून झालेली. त्याच्यापुढे हत्यारांचं ट्रेनिंग घेतलंय का. घेतलंय की, एनसीसीत, पॉइंट टू टू रायफल, पाच गोळ्या, त्यातल्या तीन शेजारच्या मुलीच्या टार्गेटवर. तेही लिहिलं. मग कम्युनिस्ट पार्टी, मग नरसंहार, आणि मग अमेरिकेत येऊन एकापेक्षा जास्त लग्नं करायचा विचार आहे का. अहो एका लग्नाची कागदपत्रं गोळा करता करता माझं वजन उतरलं, दुसऱ्याची ताकद कोणात आहे.

खरी गंमत पुराव्यांची. लग्न झालं याचं सर्टिफिकेट असतंच, पण लग्न खरं आहे याचा पुरावा वेगळा द्यायचा. जॉइंट अकाउंट, दोघांच्या नावाचं लीज, विम्यावर एकमेकांची नावं, लाइटची बिलं आणि फोटो. फोटोंना आपल्याकडे काय तोटा, सासूबाईंनी तीन किलोचा अल्बमच पाठवून दिला. उघडला तर पहिले दोन फोटो अंतरपाटाचे, म्हणजे नवरा नवरी एकमेकांना दिसतही नाहीयेत. पुढच्या सगळ्यात मुंडावळ्या डोळ्यावर आणि होमाचा धूर, दोघंही रडवेले, ऑफिसरला वाटायचं हिला जबरदस्तीने बसवलंय. हसरा म्हणावा असा एकच, तोही माझा आणि करवलीचा. शेवटची पानं फोटोग्राफरने कलाकारी केलेली, आम्ही दोघं बर्फाच्या डोंगरासमोर, मी शालूत, हा धोतरात, आणि बाजूला दोन हंस. वकीलबाई गंभीरपणे म्हणाल्या, हा प्रवास कधी झाला, तुमच्या पासपोर्टवर याची एंट्री दिसत नाही. त्यांना सांगितलं की आम्ही तेव्हा कार्यालयाच्या मागच्या जिन्यात उभे होतो, तिथे पत्रावळ्यांचा ढीग होता, डोंगर नंतर आला.

त्या दिवसापासून आम्ही पुराव्यासाठी जगायला लागलो. कुठे गेलं की आधी फोटो, दोघांचा, मागे पाटी दिसेल असा. नवऱ्याने जिमची मेंबरशिप माझ्यासकट घेतली, मी जिमला गेलेली नाही पण माझं नाव तिथे आहे. ग्रोसरीची बिलं जॉइंट कार्डावर. एकदा कडाक्याचं भांडण चालू असताना इन्शुरन्सचं पत्र आलं, दोघांची नावं असलेलं, तर भांडण थांबवून आधी ते फाइलला लावलं आणि मग पुढे चालू केलं.

आय-८६४, म्हणजे नवरा मला पोसेल याचा तो फॉर्म, त्याबद्दल मात्र मी नवऱ्याला अजून चिडवते. तो सही करून लिहून देतो की माझी मिळकत अमुक एवढी आहे, गरिबीच्या रेषेच्या सव्वापट तरी आहे, आणि ही सरकारच्या गळ्यात पडणार नाही. ही जबाबदारी घटस्फोट झाला तरी सुटत नाही, मी सिटिझन होईपर्यंत किंवा माझी कामाची चाळीस क्वार्टर्स, म्हणजे साधारण दहा वर्षं, भरेपर्यंत त्याच्या मानेवर. लग्नात गुरुजींनी त्याच्याकडून नातिचरामि म्हणवून घेतलं तेव्हा याचं अर्ध लक्ष फेट्याकडे होतं, पण या फॉर्मवर सही करताना पेन धरलेला हात मी बघितलाय.

मेडिकल वगैरे पटकन झालं. सिव्हिल सर्जन म्हटल्यावर मला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्याचा वास आला होता, प्रत्यक्षात मॉलशेजारच्या क्लिनिकात एक हसरे डॉक्टर निघाले, त्यांनी लहानपणीच्या लसींचं कार्ड मागितलं (ते कुठलं असायला, ते दिवाळीच्या साफसफाईत कधीच गेलं), मग रक्त काढलं, दोन्ही दंडांवर टोचलं आणि पाकीट सीलबंद करून दिलं. बोटांचे ठसे झाले. मग नुसतं वेबसाइट रिफ्रेश.

इंटरव्ह्यूला आम्ही फाइलींची ट्रॉली बॅग घेऊन गेलो, गार्डने विचारलं फ्लाइट कधीची आहे. आत ऑफिसरने दोघांना उजवा हात वर करायला लावून शपथ दिली, खरं तेच सांगेन. कसे भेटलात? नवरा म्हणाला थ्रू फॅमिली. ऑफिसर म्हणाला म्हणजे कोण? नवरा म्हणाला माझ्या आत्याच्या नणंदेची शेजारीण. ऑफिसरने लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. मग सासूसासऱ्यांची नावं, घरात पहाटे आधी कोण उठतं, सगळं सुरळीत. आणि मग त्याने सहज विचारलं, काल रात्री काय जेवलात.

नवरा म्हणाला पिठलं. मी त्याच वेळी म्हणाले झुणका.

ऑफिसरने आमच्या दोघांकडे बघितलं. नवरा म्हणाला, बेसनाचं पातळ कालवण असतं. मी म्हटलं पातळ नाही, कोरडं, कांदा घालून. नवरा हळूच मराठीत, "अगं असू दे ना, एकच आहे." एकच कसं असेल? मी केलंय, मला माहितीये मी पाणी किती घातलं, आणि वर शपथ घेतलीय. मी म्हटलं, सर, मी झुणकाच केला होता, याने ताटात घेऊन त्यावर स्वतः पाणी ओतलं, हा रोज ओततो, याच्या आईकडे तसंच खातात. नवरा म्हणाला, माझ्या आईला मधे कशाला आणतेस. मी म्हटलं, मधे पाणी आणलंस तू. हे अर्ध मराठीत अर्ध इंग्रजीत बराच वेळ चाललं असावं, कारण भानावर आलो तेव्हा ऑफिसरने फाइल मिटली होती. ट्रॉली बॅगमधलं एकही बिल न बघता तो म्हणाला, मला अजून काही विचारायचं नाही. पार्किंगमधे येईपर्यंत आम्ही त्याचा अर्थ काय यावर भांडलो, आणि मग परत झुणक्यावर आलो.

कार्ड आलं. पण दोन वर्षांचं. १९८६ मधे इथल्या काँग्रेसने खोट्या लग्नांना आळा घालायला कायदा केला, तेव्हापासून कार्ड मिळायच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ते सशर्त मिळतं, आणि ते संपायच्या आधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ भरायचा, संसार अजून चालू आहे म्हणून. आमचे थोडेच आठवडे कमी पडले. सासूबाईंनी हे ऐकल्या ऐकल्या सांगितलं, तरी मी म्हणत होते डिसेंबरातला मुहूर्त धरा, तुझ्याच आईला थंडी वाजत होती.

त्यामुळे आता घरातला एकही कागद टाकता येत नाही. ड्रायर बिघडून गेला, त्याच्या वॉरंटीवर दोघांची नावं आहेत म्हणून ती ठेवलीय. वकीलबाईंनी पुढच्या पुराव्यांची यादी ईमेल केली, टॅक्स रिटर्न, लीज, विमा, बँक स्टेटमेंटं, आणि त्यातच एक ओळ, या लग्नातून झालेल्या मुलांचे जन्मदाखले. नवऱ्याने ती ईमेल काहीही विचार न करता फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड केली. दोन मिनिटांत सासूबाईंचा फोन.

"मी काही म्हणत नाही हं," त्या म्हणाल्या. "मी कधी काही म्हटलंय का? पण आता सरकारच मागतंय म्हटल्यावर बघा बाई तुम्ही दोघं. आणि या वेळी नाव दाखल्यात घालून घ्या."