दहा डॉलरच्या वर्गणीबद्दल: तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. न्यूयॉर्कच्या महापौर निवडणुकीसाठी आम्ही घरोघरी फिरून वर्गणी जमवली त्यावर मी लिहिलं होतं, आणि तुमचं म्हणणं असं की दहा-वीस डॉलरने काही होत नाही, निवडणूक शेवटी धनदांडग्यांचीच असते, वर सिटी एका डॉलरला आठ डॉलर घालते म्हणजे टॅक्स भरणाऱ्यांची लूट.

आधी आठ डॉलरचं. शहरात राहणाऱ्या माणसाच्या पहिल्या 250 डॉलरलाच ही मॅच, म्हणजे सिटीची जोड, मिळते, म्हणजे माणशी जास्तीत जास्त 2000, आणि तीही सरसकट नाही. महापौरपदाच्या उमेदवाराला आधी शहरातल्या किमान 1000 लोकांकडून मॅचला पात्र असे अडीच लाख डॉलर जमवून दाखवावे लागतात. खर्चावर मर्यादा येते, निवडणुकीनंतर ऑडिट होतं, मॅचचे उरलेले पैसे परत करावे लागतात. गैरप्रकार होतात हे मान्यच, दुसऱ्याच्या नावाने देणगी दाखवणारे सापडलेत. पण ही मॅच देणाऱ्या शहराच्या कॅम्पेन फायनान्स बोर्डानेच डिसेंबर 2024 मध्ये तेव्हा गादीवर असलेल्या महापौरांना, एरिक अ‍ॅडम्सना, मॅचिंगचे पैसे नाकारले, हेही त्याच्यासोबत सांगायला हवं ना.

आता धनदांडगे. 2025 च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, माजी गव्हर्नर कुओमोंच्या बाजूने उभ्या राहिलेल्या सुपर पॅककडे (उमेदवारापासून वेगळा राहून त्याच्यासाठी खर्च करणारा गट) जवळपास अडीच कोटी डॉलर जमले, त्यात एकट्या अब्जाधीश माजी महापौर ब्लूमबर्गचे 80 लाखांच्या वर. सुपर पॅकला देणगीची मर्यादाच नाही, आणि मॅच घेणाऱ्या महापौरपदाच्या उमेदवाराला मात्र 2025 मध्ये एका माणसाकडून 2100 च्या वर घेता येत नव्हतं. समोर त्याच प्रायमरीतले उमेदवार ममदानी, 18 हजारांच्या आसपास देणगीदार, आणि मार्चमध्ये खर्चाच्या मर्यादेएवढे पैसे जमतायत म्हटल्यावर त्यांनी लोकांना सांगितलं की आता पैसे पाठवू नका, त्याऐवजी दारं ठोठवायला या. प्रायमरी ते जिंकले, नोव्हेंबरमध्ये महापौर म्हणून निवडूनही आले. फक्त वर्गणीने जिंकले असं मी म्हणत नाही, भाडं परवडत नाही हा मुद्दा लोकांच्या जिव्हाळ्याचा होता. पण वर्गणी नसती तर तो मुद्दा घेऊन उभा राहणारा माणूस शेवटपर्यंत टिकला असता का?

तुम्ही म्हणता दहा डॉलरने काही होत नाही. न्यूयॉर्कमधल्या जॅक्सन हाइट्सला 74व्या स्ट्रीटवर आम्ही घडीचं टेबल लावून उभे होतो, थंडी इतकी की पेन चालेना, खिशात धरून गरम करायचं आणि मग लिहायचं. एक बाई भाजीची पिशवी घेऊन थांबल्या, पाकिटातून चार घड्या घातलेली दहाची नोट काढली. नुसती नोट घेऊन चालत नाही, नाव, पत्ता कार्डावर भरून सही लागते, आणि कुठे काम करता हेही कार्डावर विचारलेलं असतं. त्या म्हणाल्या घरकाम करते, काय लिहू? म्हटलं तेच लिहा. त्यांनी सावकाश एकेक अक्षर लिहिलं, सही केली, आणि जाताना विचारलं, ममदानी म्हणतात तसं बसचं भाडं खरंच बंद होणार का. मला नीट उत्तर देता आलं नाही, कारण बस एमटीए या राज्याच्या वाहतूक संस्थेच्या हातात आहे, एकट्या महापौराच्या नाही, आणि तेच मी त्यांना सांगितलं. तरी पुढच्या आठवड्यात त्या बहिणीला घेऊन आल्या.

दादा, त्या दहाचे नव्वद झाले हे खरंय, पण मला मोठं वाटतं ते त्यांचं विचारणं. आपल्याकडे गणपतीची वर्गणी दिलेला माणूस हक्काने विचारतो की मांडवाचा हिशोब कुठे लावलाय, तसंच. निधी जमवायची महागडी जेवणं आणि मोठ्या बिल्डरांचे चेक यावर उभा राहिलेला उमेदवार या बाईंना कशाला भेटेल?

शेवटी तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत एडिसनला राहणारा भाचा वीस डॉलर द्यायचं म्हणत होता. तो एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असेल तर त्याला अजिबात देऊ नका म्हणावं, पैसे फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवालेच देऊ शकतात, आणि ग्रीनकार्ड असलं तरी जर्सीत राहणाऱ्याच्या पैशाला मॅच नाही. फुकट काम मात्र करता येतं. पुढच्या वेळी शनिवारी सकाळी टेबल मांडायला माणसं कमी पडतात, त्याला माझा नंबर द्या.