मास्तरांनी गप्प बसावं

५ डिसेंबर २०२५ ला महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी शाळा बंद ठेवल्या आणि संध्याकाळी बार्शीहून धाकट्या भावाचा फोन आला. इथे न्यू जर्सीत सकाळ होती, मी मोकळीच होते. "पोरांच्या वर्षाला चार परीक्षा घेतात आणि स्वतःवर एक आली की मोर्चा!"

सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पहिली ते आठवीच्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून जास्त नोकरी उरलीय, त्यांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर घरी बसायचं. त्यावरून हे सगळं. भावाचं कृषी सेवा केंद्र आहे. "अरे, तू गुरुजींचा मुलगा," मी म्हटलं. "म्हणूनच बोलतोय," म्हणाला.

खरं तर परीक्षेची बाजू मीच घेतली असती. माझं सोलापूरचं बी.एड. इथे पुरलं नाही. पुन्हा कॉलेजात नाव घातलं आणि बेचाळिसाव्या वर्षी प्रॅक्सिस कोअर या इथल्या शिक्षक-परीक्षेचे तिन्ही पेपर दिले: वाचन, लेखन, गणित. शेजारी माझ्या मुलीच्या वयाची पोरं. आणि १ जानेवारी २०२५ पासून न्यू जर्सीने ते पेपरच काढून टाकले! शिक्षक मिळेनात म्हणून. जिथे माणसं नाहीत तिथे परीक्षा माफ, आणि जिथे शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून पोरं म्हातारी होतायत तिथे वीस वर्षं फळ्यापुढे उभ्या असलेल्या बाईंचीही घ्यायची. "तिकडचं इकडे लावू नकोस," भाऊ म्हणाला. बरोबर आहे त्याचं. पण मी लावतेच.

मला परीक्षेचा राग नाही. राग आहे तो 'मास्तरांनी गप्प शिकवावं' याचा.

२०२४ च्या उन्हाळ्यात मी फिलाडेल्फियाला एनईएच्या भावी शिक्षकांच्या परिषदेला गेले होते. पूर्वी तिला स्टुडंट लीडरशिप कॉन्फरन्स म्हणायचे. एनईए ही तीस लाखांच्या घरात सभासद असलेली अमेरिकेतली शिक्षक संघटना, १८५७ साली त्याच शहरात स्थापन झालेली. (आपल्याकडे तेव्हा वेगळाच उठाव चालू होता.) ट्रेंटनला गाडी बदलून पोचले. निळ्या केसांची विशीतली पोरं, आणि त्यांच्यात मी, पिशवीत चिवड्याचा डबा. ती पोरं तिथे काय शिकत होती? ठराव कसा मांडायचा, माइकसमोर दोन मिनिटांत मुद्दा कसा संपवायचा, स्कूल बोर्डाच्या बैठकीत काय विचारायचं. माझ्या बी.एड.ला पाठ टाचण होतं, सूक्ष्म पाठ होते, वहीवर निरीक्षकांची लाल सही होती. "सर, मला वेगळं वाटतं" असं मी वर्षभरात एकदाही म्हटलेलं नाही.

भाऊ म्हणतो, शिक्षकांचे सात आमदार आहेत की विधान परिषदेत. आहेत. पण त्या मतदारसंघात झेडपीच्या प्राथमिक शिक्षकाला मतच नसतं, आणि टीईटीची टांगती तलवार मुख्यतः त्याच्यावर आहे.

इथलं सगळंच काही मी भावाला सांगत नाही. परिषदेनंतर काही दिवसांतच, ५ जुलैला, एनईएचे स्वतःचे कर्मचारी संपावर गेले आणि तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी एनईएच्या अधिवेशनातलं भाषण रद्द केलं. खडू-पेन्सिलींवर पदरचे पैसे घालणाऱ्या शिक्षकांना २०२४ साली करात फक्त तीनशे डॉलरची वजावट मिळायची. लॉकडाउन ड्रिलमध्ये, म्हणजे शाळेत बंदूकधारी शिरला तर काय करायचं याच्या सरावात, दिवे घालवून पहिलीच्या पोरांना कोपऱ्यात गप्प बसवायचं, हेही शिक्षकाचंच काम. त्यापेक्षा निवडणुकीची ड्यूटी बरी, असं मनात येतं. फोनवर मात्र तोंडातून निघत नाही.

परिषदेत एका गटात विचारलं, शिक्षक का व्हायचंय? मी दादांचं, म्हणजे वडिलांचं, सांगितलं. १९७७ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या सरकारी कर्मचारी-शिक्षकांच्या ५४ दिवसांच्या संपात ते होते, मी जन्मायच्या आधी. आजी म्हणायची, मास्तर असून मोर्चात जातो, शोभतं का? पोरांनी टाळ्या वाजवल्या. हे मात्र सांगितलं नाही की बी.एड. झाल्यावर एका संस्थेने नोकरीसाठी 'देणगी' मागितली, दादा जमीन विकायला निघाले, आणि मी लग्नाला हो म्हटलं. तिथे एक शब्दही बोलले नव्हते.

एका मुलीने विचारलं, "मग ते जिंकले का?"

मला माहीत नव्हतं. दादांना कधी विचारलंच नाही, आणि आता ते नाहीत. परवा भावाशी भांडून झाल्यावर आईला विचारलं.

"ते मला काय ठाऊक. माझ्या पाटल्या मोडल्या, तेवढं ठाऊक," ती म्हणाली. मग नेहमीचं, "तुला ऑर्डर मिळाली का गं?"

मी अजून सबस्टिट्यूट, म्हणजे बदली शिक्षिका आहे. पहाटे साडेपाचला फोन वाजला तर शाळा. त्या दिवशी वाजला नव्हता.

"मिळेल," म्हटलं.