पूर्वरंग

आठवी ते अकरावीच्या मुलामुलींना गोष्ट सांगायला शिकवायचं आणि त्यासाठी दर दोघातिघांमागे एक वडीलधारा मार्गदर्शक नेमायचा, ही कल्पना आमच्या वाचनालयाच्या सचिवांना सुचली, तेव्हा मी त्यांच्या समोर बसलो होतो. माझी पात्रता एवढीच. आपल्याकडे कल्पना सुचलेल्या माणसाच्या समोर जो बसलेला असतो, त्याला संयोजक म्हणतात.

सरकार सार्वजनिक वाचनालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी करतं आणि अनुदान त्यावर ठरतं. आमचं 'ब' वर्गात आहे. सचिवांना ते 'अ' वर्गात न्यायचंय. त्यामुळे पहिल्या सत्राबद्दल त्यांची एकच सूचना होती : "फोटोत मुलं दिसली पाहिजेत."

दिसली. मागच्या रांगेत, पाहुण्यांच्या फेट्यांमधून जेवढी दिसतात तेवढी.

रविवारी सकाळी दहाची वेळ होती. समई लावायची म्हणून पंखे बंद केले. समईला वाती पाच आणि पाहुणे सात, म्हणून शेवटच्या दोघांनी आधीच पेटलेल्या वाती पुन्हा मोठ्या गांभीर्याने पेटवल्या. मग शाल, श्रीफळ, सत्कार, सत्काराला उत्तर. एका पाहुण्यांनी मोबाइलच्या दुष्परिणामांवर भाषण केलं. ते मधेच थांबलं, कारण त्यांचा फोन वाजला. बाहेर जाऊन बोलून आले आणि तिथूनच पुढे सुरू. पंखे मात्र कुणी सुरू केले नाहीत.

माझ्या हाती मुलं आली तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते. मी म्हणालो, "आता प्रत्येकाने आपली एखादी गोष्ट सांगायची."

एक हात वर. "सर, किती मार्कांना?"

"मार्क नाहीत."

"मग शब्दमर्यादा?"

तीही नाही म्हटल्यावर पोरं घाबरलीच. परीक्षेतल्या कथालेखनाने त्यांना इतकं घडवलंय की पहिल्या मुलाने उभं राहून आधी शीर्षक सांगितलं आणि लगेच तात्पर्य. मधली गोष्ट विचारली, तर म्हणाला, "मुद्दे द्या ना."

वातावरण मोकळं व्हावं म्हणून मी पैठणच्या गुणाढ्य नावाच्या प्राचीन कथाकाराची दंतकथा काढली. पैठण आमच्यापासून तासाभरावर, म्हणजे माणूस तसा गाववालाच. सात लाख श्लोकांची कथा त्याने 'पैशाची' नावाच्या प्राकृत भाषेत, स्वतःच्या रक्ताने लिहिली. सातवाहन राजाने ती नाकारली. मग हा रानात बसला, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि अग्नीत टाकायचा. जनावरं चरायची थांबली, राजाच्या ताटातलं मांस कोरडं पडलं, चौकशी झाली, राजा धावत आला. तोवर एक लाख श्लोक उरले होते.

"बॅकअप नव्हता?" जांभळ्या टी-शर्टवाल्याने विचारलं.

त्याच्या शेजारचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे पहिले सहा लाख फक्त जनावरांनाच माहीत?"

संस्कृतच्या वर्गात ही कथा ऐकताना मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. मी त्याला पुढे बोलतं करणार, तेवढ्यात मार्गदर्शक जागे झाले.

मुलं बोलत नाहीत, हे खरं तर संकटच नव्हतं. संकट मार्गदर्शक होते. निवृत्त बँक अधिकारी असलेल्या काकांनी तरुणपणी शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार या तिघांचं एकत्र कथाकथन ऐकलं होतं. कार्यक्रम कुठे झाला, सायकल कुणाची नेली, परतताना ती कुठे पंक्चर झाली, सगळं आलं. कथा तेवढ्या राहिल्या. मग कीर्तनकार ताई उठल्या. कीर्तनात आधी पूर्वरंग, म्हणजे अभंगाचं निरूपण, आणि मग उत्तररंगात आख्यान, असं त्यांनी फार सुरेख समजावलं. समजावता समजावता त्या स्वतःच पूर्वरंगात शिरल्या आणि आख्यानाला वेळ उरला नाही. हौशी रंगभूमीवरच्या नटराजांनी "आवाज पोटातून आला पाहिजे" म्हणत पोटातून आवाज काढून दाखवला. शेजारच्या दवाखान्यातून माणूस चौकशीला आला.

म्हाताऱ्या माणसांना गोष्टी सांगायला आवडतात, हे तर कुणालाही माहीत आहे. त्यांना थांबवायचं कसं, याचं प्रशिक्षण मात्र कुणी देत नाही.

बारा वाजता मी सरळ चहा जाहीर केला. आपल्याकडे सत्पुरुषाला मध्येच तोडायचं तर चहाखेरीज सभ्य उपाय नाही. तेवढ्यात उशिरा येऊन दाराशी बसलेली नववीतली मुलगी दिसली. "उशीर का झाला?" एवढंच विचारलं.

"म्हैस सुटेल होती, सर." कप हातातच राहिला तिच्या. "आजी म्हने, मी नाही सोडली. आजोबा म्हने, मी तं झोपेल होतो. भाऊ घरीच नव्हता. पण दावं तुटेल नव्हतं, सर. गाठ सोडेल होती. म्हशीला गाठ सोडता येते का?"

मागची पोरं पुढे सरकली. ताईंनी बिस्किट बशीत ठेवलं.

"मग आम्ही खुरांमागं निघालो. खुरं नाल्यापर्यंत. पुढं खुरं नाहीत. पुढं टेम्पोची चाकं. आन् आजोबा काय म्हने माहितीये? म्हने, आता घरी चला. म्हैस गेली, आन् मानूस म्हने घरी चला!"

इथे ती थांबली. हे थांबणं तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे. नटराजांना ते तीस वर्षांत जमलेलं नाही.

"पण बाळा," काका म्हणाले, "यातून बोध काय घ्यायचा?"

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, कप ठेवला, "सर, माझी साडेबाराची एसटी आहे" म्हणाली आणि दप्तर उचलून गेलीसुद्धा. सचिवांनी आभारप्रदर्शन सुरू केलं. ते कुणी ऐकलं नाही, कारण सगळा हॉल आजोबांवर संशय घेण्यात गुंतला होता.

बुधवारी रात्री साडेदहाला काकांचा फोन आला. आधी तब्येतीची विचारपूस, मग पावसाची, मग बँकेतली एक जुनी आठवण. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, बोध राहू द्या. म्हैस सापडली का, तेवढं सांगा."

मला ठाऊक नव्हतं. "रविवारी कळेल," म्हणालो.

"रविवारी सत्कार ठेवू नका," काका म्हणाले आणि फोन ठेवला.