काढ्याने बंद होणारं बी पेशीचं दार

‘लशीतलं विष बी पेशींच्या कॉम्प्लिमेंट रिसेप्टर नावाच्या दारातून बिनतपासणी आत शिरतं. कॅन्सरचा विषाणूही याच दारातून जातो. वर लस बाळाचं सगळं कॉम्प्लिमेंट संपवून टाकते. म्हणून टोचण्याआधी सात दिवस कडुनिंब-गुळवेलीचा काढा मधातून चाटवा, दार बंद होतं. पुढे पाठवा.’

हा मेसेज धुळे-जळगावकडच्या ग्रुपांत बरेच दिवस फिरतोय. मी सोडून देत होतो. पण परवा साक्री तालुक्यातल्या माझ्या मावसबहिणीने तोच मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘दादा, हाई खरं शे का?’ तिचं बाळ साडेतीन महिन्यांचं. चौदाव्या आठवड्याची पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, तिने ‘जरा थांबू’ म्हणून पुढे ढकललीय आणि सासूबाईंनी गुळवेल आणूनही ठेवलीय. म्हणून आता लिहितो.

आधी काढा, कारण बाकी सगळा अडाणीपणा आहे, हा मात्र जिवाशी खेळ आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नसतो. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि विष तयार करतात. बाळ लुळं पडतं, दूध ओढेनासं होतं. निंबोळीच्या तेलाने लहान मुलांना झटके आल्याच्या, यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत. पानांचा काढा म्हणजे तेल नव्हे, मान्य. पण सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा देऊ नका असं आशाताई घसा कोरडा करून सांगते, ते कशासाठी?

आता ‘दार बंद होतं’ हे. कुठल्याही काढ्याने ते होत नाही. पण घटकाभर धरू की झालं. मग काय होईल? बी पेशी म्हणजे जंतूंना धरणारी प्रथिनं, म्हणजेच प्रतिपिंडं, बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी. कॉम्प्लिमेंट म्हणजे जंतूंशी लढायला मदत करणारी रक्तातली प्रथिनं. बाहेरचं काही दिसलं की त्यातलं सी३ तुटतं आणि त्याचा तुकडा त्या वस्तूला पक्का चिकटतो. पुढे कापला जाऊन उरतो तो सी३डी. बी पेशीवरचा कॉम्प्लिमेंट रिसेप्टर २, म्हणजेच सीडी२१, नेमका हा तुकडा पकडतो. त्याच वेळी पेशीचा स्वतःचा रिसेप्टरही त्या प्रतिजनाशी, म्हणजे बाहेरून आलेल्या त्या वस्तूशी, जुळला, तर दोन्हीकडून मिळून इशारा जातो आणि अगदी थोड्या प्रतिजनावरही पेशी जागी होते. केंब्रिजच्या डग्लस फिअरन यांच्या गटाने १९९६ साली ‘सायन्स’मध्ये याचा हिशेब मांडला. अंड्यातल्या लायसोझाइम या प्रथिनाला त्यांनी सी३डी जोडला आणि उंदरांना टोचला. दोन सी३डी जोडले तर नुसत्या लायसोझाइमच्या १,००० पट कमी मात्रेत काम भागलं, तीन जोडले तर १०,००० पट कमी मात्रेत. म्हणजे ज्या दाराला हे कुलूप घालायला निघालेत, त्याच्याच जोरावर लस कमी मात्रेत लागू पडते. ज्यांच्या शरीरात जन्मापासून सी३ नसतं, त्यांना न्यूमोनिया, मेंदूज्वर असे जिवाणूंचे आजार पुन्हा पुन्हा होतात. दार बंद करून बघायचंय त्यांनी आधी हे बघावं.

‘बिनतपासणी’ या शब्दात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. सी३डी चिकटलेली वस्तू ज्या बी पेशीशी जुळत नाही, ती पेशीही या रिसेप्टरने ती वस्तू पकडू शकते. प्रयोगशाळेत तर अशी वस्तू आत घेऊन तिचे तुकडे टी पेशींना (बी पेशींना मदत करणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशींना) दाखवतानाही बी पेशी दिसल्यात. पण लसीका ग्रंथीत अशा पेशीचं मुख्य काम वाहतुकीचं. कडेच्या भक्षक पेशींकडून माल घ्यायचा, आतल्या फॉलिक्युलर डेंड्रिटिक पेशींपर्यंत, म्हणजे तो धरून ठेवणाऱ्या पेशींपर्यंत, पोचवायचा. मार्केट यार्डातला हमाल दिवसभर कापसाची, मक्याची ओझी वाहतो, म्हणून माल काही त्याचा होत नाही. नुसतं पकडलं म्हणून प्रतिपिंडं सुटत नाहीत. त्यासाठी पेशीचा स्वतःचा रिसेप्टर जुळावा लागतो, बहुतेक वेळा टी पेशीची मदतही लागते. तपासणी आहे, फक्त पुढच्या नाक्यावर.

कॅन्सरचा विषाणू म्हणजे एपस्टाइन-बार. तो सीडी२१ धरूनच बी पेशीत शिरतो, काही कॅन्सरांशी त्याचा संबंधही आहे. पण तो पसरतो लाळेतून. जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात तो असतो, मेसेज लिहिणाऱ्याच्याही असेलच. पेंटाव्हॅलंटमध्ये तो नाही, दुसरा कुठला जिवंत विषाणूही नाही. चोर ज्या दाराने येतो त्याच दाराने घरचेही येतात, एवढ्यावरून घरच्यांना चोर ठरवणार का?

राहिलं ‘सगळं संपतं’. मोठ्यांच्या लिटरभर रक्तद्रवात सी३ साधारण १ ग्रॅम, बाळात थोडं कमी, आणि यकृत ते रोज नवं बनवतं. लस अर्धा मिलिलिटर, त्यातले प्रतिजन मायक्रोग्रॅममध्ये मोजायचे. बाळ ओट्यावरची मूठ तोंडात घालतं तेव्हा किती जंतू आत जातात, त्याचा मेसेज कोणी काढत नाही.

ताई, गुळवेल सासूबाईंच्या हाती परत दे. डांग्या खोकला सगळ्यात जास्त जीव घेतो तो अशाच तान्ह्या बाळांचा, आणि पेंटाव्हॅलंट त्याच्यावरही आहे. मात्रा लांबली म्हणून पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेली तेवढी द्यायची. आशाताईला आजच फोन कर आणि पुढचा लसीकरणाचा दिवस कधी ते विचार.