लेगोचा खोका फोडायचा असतो

लेगो म्हणजे एकमेकांत अडकवून गाड्या, घरं असं काहीही उभं करायचे प्लास्टिकचे तुकडे. त्यांचे संच विकत घ्यायचे आणि खोक्याचं सील न तोडता कपाटात रचून ठेवायचे, हा प्रकार मला अजिबात मान्य नाही. 'अगं, किंमत वाढते,' असं सांगतात. कंपनीने बंद केलेल्या काही संचांची वाढते, हे खरं आहे. पण गुंतवणूकच करायची असेल तर सराफ कट्टा आहे, पोस्ट आहे. पुठ्ठ्याच्या आत न जुळलेले तुकडे वर्षानुवर्षं पडून राहणार असतील तर त्याला मी संग्रह म्हणत नाही.

आमच्याकडे संच रोज थोडा थोडा जुळतो. रात्रीची जेवणं झाली, ओटा आवरला, सकाळसाठी मटकी भिजत घातली, की जेवणाचं टेबल कोरडं पुसायचं आणि खोक्यातली पुढच्या नंबरची पिशवी फोडायची. मोठ्या संचात पिशव्यांवर आकडे असतात. कंपनीने ते सोयीसाठी दिलेत, पण मला त्यात दिवसाचं माप सापडलं. एका रात्री एकच पिशवी. दहा वाजले आणि पिशवी संपली नसेल, तरी उठायचं, उरलेलं उद्या. सुट्टीच्या दिवशी अख्खा संच एका बैठकीत उरकणारे लोक मला माहीत आहेत. त्यांनी जरूर तसं करावं, पण त्यात निम्मी मजा वाया जाते असं माझं ठाम मत आहे. दुपारी ऑफिसात काम करताना 'आज चाकं लागणार' हे मनात असणं, ही गोष्ट एका बैठकीत मिळत नाही.

सासूबाई चष्मा लावून समोर बसतात. स्टीलच्या ताटात तुकडे ओतायचे आणि निवडायचे, हे काम त्यांनी आपणहून घेतलंय. आयुष्यभर तांदूळ निवडलेली बोटं आहेत ती, एका बटणाचा, म्हणजे वर एकच उंचवटा असलेला, इवलासा तुकडासुद्धा सुटत नाही. सुरुवातीला आम्ही रंगानुसार वाट्या लावायचो. नंतर लक्षात आलं की आकारानुसार लावणं कितीतरी सोपं. एकाच आकाराच्या ढिगात लाल तुकडा चटकन दिसतो, पण नुसत्या लाल ढिगात हवा तो आकार शोधताना डोळे दुखतात. आता त्याच मला सांगतात, "अगं, पट्ट्या (चपटे तुकडे) या वाटीत टाक, तिकडं नको."

या तुकड्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले कर्क क्रिस्टियान्सन या सुताराने १९३२ साली लाकडी खेळणी करायला सुरुवात केली, तिथून ही कंपनी उभी राहिली. आज आपण जो तुकडा ओळखतो, वर बटणं आणि आत पोकळ नळ्या असलेला, त्याच्या पेटंटसाठी अर्ज झाला २८ जानेवारी १९५८ रोजी. त्या आतल्या नळ्यांमुळेच तुकडे घट्ट धरून बसतात आणि लहान मुलाच्या हातानेही सुटतात. तेव्हाचा तुकडा आजच्या तुकड्यावर बसतो. बटणापासून बटणापर्यंत ८ मिलिमीटर, विटेची, म्हणजे नेहमीच्या जाड तुकड्याची, उंची ९.६ मिलिमीटर आणि चपट्या पट्टीची ३.२, म्हणजे तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की बरोबर एक वीट. आठ बटणांच्या एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात. हे सगळं सील न फोडलेल्या खोक्यात कोंडून ठेवायचं? कशासाठी?

'या वयात खेळणी?' हा प्रश्न मला पाहुण्यांकडून हमखास येतो. मी शांतपणे त्यांना दिवाळीच्या किल्ल्याची आठवण करून देते. सातारा-सांगलीकडं वाढलेल्या कुणालाही तो समजावून सांगावा लागत नाही. दगड-विटा रचायच्या, वर ओलं गोणपाट टाकायचं, चिकणमाती थापायची, अळीव पेरून हिरवळ उगवायची, बुरुज, पायऱ्या, मावळे, वर सिंहासनावर महाराज. आठवडाभर हात मातीत. तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडायचा आणि मावळे धुऊन डब्यात. पुढच्या वर्षी तेच मावळे, किल्ला मात्र नवा. तो किल्ला काचेत ठेवावा असं कुणालाच वाटलं नाही. बांधण्याचा हा आनंद चौदाव्या-पंधराव्या वर्षी संपवून टाकायचा, असा नियम आपल्यावर कुणी लादला?

म्हणून मी जुळलेला संच काही महिने शेल्फवर ठेवते आणि मग मोडते. शेल्फ खिडकीपासून लांब आहे, कारण उन्हाने हे प्लास्टिक पिवळं पडतं. शनिवारी रंगाच्या मऊ ब्रशने धूळ झटकायची. मोडलेले तुकडे डब्यात, जुळणी दाखवणारी पुस्तिका प्लास्टिकच्या फाइलमध्ये.

लेगो महाग आहे, त्यात शंका नाही. मध्यम आकाराच्या एका संचात आमचा महिन्याचा किराणा येतो. म्हणून दिवाळीला एकच, आणि तो सगळ्यांनी मिळून निवडायचा. मूळ पेटंटची मुदत केव्हाच संपली आहे, त्यामुळे इतर कंपन्याही त्याच मापाचे तुकडे काढतात. ते घ्यायलाही काही हरकत नाही. लहान मुलांसाठी घेताना फक्त आयएसआयची खूण बघा, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर ती सक्तीची आहे.

खोके जपणाऱ्यांना आणखी एक सांगायचंय. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४५ फुटांवर आहे, म्हणजे काय झालं असेल ते बाहेरच्यांनाही कळेल. गावभागातल्या माझ्या मैत्रिणीच्या घरात चिखलाशिवाय काही दिसत नव्हतं. पुस्तकं गेली, गाद्या गेल्या, फोटोंचे अल्बम गेले. लेकाच्या लेगोचे खोके आणि पुस्तिका यांचा लगदा झाला. तुकडे मात्र आम्ही दोघींनी कोमट पाण्यात साबण घालून धुतले. पाणी कडकडीत नको, ४० अंशांच्या आतच, नाहीतर तुकडे वाकतात. गच्चीवर सावलीत चादरीवर पसरले. नावापुरतीही भेग नव्हती. पुस्तिका कंपनीच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, त्या उतरवून घेतल्या. घर लावायला कितीतरी दिवस गेले, आणि त्या दिवसांत रोज संध्याकाळी अर्धा तास ते पोर ट्रक जुळवत बसायचं. तिच्या घरात त्या वेळी वेळापत्रकाप्रमाणे होणारी तेवढी एकच गोष्ट होती.

पावसाळ्यात आम्ही सांगलीकर सकाळी चहाआधी आयर्विनची पातळी बघतो. तोच पूल आता मला करायचाय, पुस्तिकेशिवाय, १९२९ सालच्या त्या दगडी कमानींसकट. खांब जमलेत. सासूबाईंचं म्हणणं आहे की पाण्याच्या पातळीचे आकडेसुद्धा खांबावर यायला हवेत, आणि ते बरोबरच आहे. अडलंय ते कमानींपाशी. राखाडी रंगाच्या, सहा बटणं लांबीच्या कमानी माझ्याकडे फार थोड्या आहेत. सांगली-मिरज-कुपवाडमध्ये कुणाकडे अशा पडून असतील तर मेसेज करा. बदल्यात चाकं, खिडक्या, हिरव्या पट्ट्या, जे हवं ते देईन.